खिळ्यावरची माणसं

माझ्या रोजवहीत देवाखालोखाल कुणाचा उल्लेख जास्त आला असेल, तर तो गाठीमावशींचा. यजमानांचा नंबर तिसरा. त्यांनी एकदा वही चाळून हे स्वतःच मोजलं आणि म्हणाले, "तिसरा म्हणजे कमालच आहे. घरात माणसं दोनच."

सत्तावीस वर्षं मी ही वही लिहिते. संध्याकाळची प्रार्थना झाली की स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसायचं आणि दिवसाच्या चार ओळी लिहायच्या. सुरुवातीला त्यात दूध नासलं, नळ गळतोय, धाकटीचं पत्र आलं, आज प्रार्थनेत लक्ष नव्हतं, असलंच काहीबाही असायचं. मग आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या शिंप्याच्या दुकानात जाणं-येणं वाढलं आणि वहीत मावशींची वाक्यं शिरली. पाहुणा यावा, आधी कोपऱ्यात बसावा आणि वर्षभरात सगळं घर त्याचं व्हावं, तसं झालं.

पहिलं वाक्य यजमानांच्या कोटामुळे मिळालं. दोन वर्षांपूर्वी शिवलेला कोट पोटावर लागेना. मी तो दुकानात नेला आणि जरा तावातावानेच म्हटलं, "कापड आकसलंय."

बेतायच्या टेबलामागे उभ्या असलेल्या बाईंनी कोट हातात घेतला, उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि शांतपणे म्हणाल्या, "कापड जागच्या जागी आहे, बाई. माणूस पसरतो आणि शिव्या कापडाला."

घरी येऊन मी ते लिहून ठेवलं. यजमानांना वाचून दाखवलं नाही.

दुकान चिंचोळं, खोल. दारापाशी दोन शिलाई मशीन, त्यांच्यामागे इस्त्रीचं टेबल, आणि सगळ्यात आत, खिडकीच्या उजेडात, बेतायचं लांब टेबल. त्यावर कापड पसरायचं, खडूने आखायचं आणि कापायचं. शिंप्याच्या दुकानात मशीन कुणीही चालवतं. मान असतो तो या टेबलाला. कापड एकदा कापलं की देवालाही जोडता येत नाही, असं मावशी म्हणत. टेबलावर काळ्या मुठीची मोठी कात्री असायची. तिच्या मुठीला मावशींच्या अंगठ्याने खळगा पडला होता, आणि अंगठ्याला मुठीने घट्टा.

दुकान मास्तरांचं. मावशी चाळीस वर्षांपूर्वी तिथे काज-बटण करायला आल्या. पुढे मास्तरांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी एक दिवस कात्री मावशींच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला उभे राहिले. तेव्हापासून सगळ्या गल्लीचे कपडे मावशी बेतत होत्या. आणि मावशींना एक अक्षर वाचता येत नव्हतं. आकडासुद्धा नाही. मापपट्टी त्यांच्या गळ्यात असायची, पण ती निव्वळ गिऱ्हाइकाला धीर यावा म्हणून.

खरं माप दोरीवर. प्रत्येक माणसाची एक सुती दोरी. एका टोकाला फास. फासापासून दोरी अंगाभोवती धरायची आणि जिथे पुरी होईल तिथे गाठ मारायची. छातीची गाठ एकेरी, कंबरेची दुहेरी, खांद्याची बारीक, बाहीची लांबट. कापडावर दोरी ताणून ठेवायची, गाठीपाशी खडू टेकवायचा, झालं माप. अंग बदललं की गाठ सोडून पुढे-मागे बांधायची. टेबलामागच्या भिंतीवर एक रुंद फळी होती, तिच्यावर एकशे बारा खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक दोरी. खिळ्याखाली नाव नाही, खूण नाही. खिळ्याची जागा हेच नाव. वरच्या रांगेत चढावरची घरं, मधल्या दोन रांगांत आमची गल्ली, खालच्या रांगेत बाजार. कुणी घर बदललं की त्याची दोरी दुसऱ्या खिळ्यावर जायची. कुणी देवाघरी गेलं की मावशी दोरी उतरवायच्या, एकेक गाठ सोडायच्या आणि ती सरळ झालेली दोरी नव्या जन्मलेल्या कुणासाठी ठेवायच्या.

रोज सकाळी दुकान उघडलं की त्या पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत प्रत्येक दोरीवरून बोट फिरवत जात. ओठ हलत असत. मी येता-जाता पाहायची. मला वाटायचं, धूळ झटकतात आणि बरोबर आहेत ना ते मोजतात.

मी त्यांचं बोलणं लिहून ठेवते हे त्यांना कळलं, तेव्हा त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "तोंड माझं आणि वही तुमची. चांगली वाटणी आहे." तेव्हापासून मी वहीबाई झाले. पण बोलणं काही थांबलं नाही. नवऱ्याबद्दल कुरकुरणाऱ्या एका नव्या नवरीला त्यांनी सांगितलं, "नवरा अस्तरासारखा असतो गं. बाहेरून दिसत नाही, पण आत चुरगळला की सगळा पोशाख वाकडा." प्रार्थनाघरातलं प्रवचन तासभर लांबलं, तेव्हा बाहेर पडताना माझ्या कानात म्हणाल्या, "दोऱ्याला शेवटी गाठ मारायला विसरलं की असंच होतं, वहीबाई. ओढत राहायचं, ओढत राहायचं, पक्कं काहीच होत नाही." आणि एकदा, कुणाच्या तरी दुःखाची गोष्ट निघाली असताना, कात्री खाली न ठेवता म्हणाल्या, "देव माप घेत नाही, सरळ बेततो. म्हणून कुणाला आयुष्य ढगळ होतं, कुणाला काखेत काचतं. आपण आपलं शिवणीत आत-बाहेर करून घालायचं."

हे वाक्य मी त्या दिवशी लिहिलं आणि बराच वेळ पेन तसंच धरून बसले. तीस वर्षं मी प्रार्थनेचं पुस्तक वाचत होते. असं काही मला सुचलं नव्हतं.

तरी माझ्या मनात एक खोच होतीच. मला पक्कं वाटायचं की जो पवित्र पुस्तक वाचतो तो देवाच्या दिवाणखान्यात बसतो, आणि ज्याला वाचता येत नाही तो बिचारा दाराशी उभा राहतो. मावशी प्रार्थनाघरात शेवटच्या बाकावर बसत आणि पुस्तक वाटणाऱ्याला हातानेच नको म्हणत. "ते दुसऱ्या कुणाला द्या. मला जोडायला दोन्ही हात लागतात." लोक हसत. मीही हसायची, पण मला त्यांची कीव यायची. मग मी ठरवलं, मावशींना वाचायला शिकवायचं.

पाटी नेली, अक्षरं काढली. मावशींनी आठवडाभर मन लावून तीन अक्षरं गिरवली. चौथ्याला त्यांनी पाटी परत केली.

"तुमची अक्षरं एकसारखी दिसतात हो. एकाला काना जास्त, एकाची शेपटी कमी. माझ्या गाठींत बघा, एकीसारखी दुसरी नाही."

"पण मावशी, वाचता आलं नाही तर तुमचं अडत नाही का?"

"माझं कुठे अडतं? अडतं ते वाचता येणाऱ्यांचं. त्यांना दर वेळी मला वाचून दाखवावं लागतं."

मी पाटी घेऊन घरी आले. वहीत लिहिलं: प्रयत्न केला, देवाची मर्जी. आज ती ओळ वाचताना कान गरम होतात.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी आमच्या घरी बायकांची प्रार्थना होती. नेमका त्या सकाळी माझा चष्मा माझ्याच हाताने खुर्चीवर ठेवला गेला आणि माझ्याच बुडाखाली मोडला. वीस बायका जमलेल्या, पुस्तक हातात, आणि डोळ्यांपुढे नुसत्या मुंग्या. म्हटलं, त्यात काय, तीस वर्षं रोज म्हणतोय. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसऱ्या ओळीपाशी पुढे काही नाहीच. आणि मग मागून, भिंतीला टेकून बसलेल्या मावशींचा आवाज आला. तिसरी ओळ, चौथी, पाचवी, शेवटपर्यंत. एक शब्द इकडचा तिकडे नाही. घाई नाही, थांबणं नाही.

सगळ्या गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कशी येते?"

"तुम्ही वाचत होता, वहीबाई. म्हणून लक्षात ठेवायचं काम पुस्तकाकडे. मला ऐकण्यावाचून इलाज नव्हता." आणि मग माझा चेहरा पाहून त्यांनी मोडका चष्मा उचलला आणि त्याची काडी काळ्या दोऱ्याने बांधून दिली. "शिकलेल्या माणसाचं एक असतं. वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा शोधायला न शिकलेलं माणूस."

हे सगळं आधी सांगितलं, कारण एवढं समजल्यावरही पुढे मी जे केलं, त्याला मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

मास्तर अंथरुणाला खिळले. त्यांची लेक दूरच्या शहरात एका मोठ्या कपड्यांच्या कारखान्यात होती, ती नोकरी सोडून आली आणि दुकानाच्या वरच्या खोलीत वडिलांजवळ राहू लागली. मुलगी कामसू, बोलायला सरळ. पण ती आली त्याच सुमारास मावशी आठ दिवस तापाने पडल्या आणि त्या आठ दिवसांत दुकानात एक बाहीसुद्धा बेतता आली नाही. मावशी परत आल्या त्या दिवशी मी तिथेच होते.

लेक म्हणाली, "मावशी, भिंतीवर एकशे बारा दोऱ्या आणि आम्ही त्यांच्याकडे तोंड वर करून बसलेलो. असं दुकान चालतं का?"

"मग मला विचारायला यायचं. ताप अंगाला होता, जीभ ठणठणीत होती."

"आणि उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"तर मला मापाचं कशाला विचारतेस? ते मग देवाला विचार, त्याच्याकडे सगळे शेवटी आडवेच माप द्यायला येतात."

लेक हसली नाही. तिने टेबलावर एक नवं कोरं रजिस्टर ठेवलं. "शनिवारपर्यंत सगळी मापं यात आकड्यांनी लिहिलेली हवीत. नाहीतर सोमवारपासून बेतायला दुसरा माणूस येतोय. मी त्याला सांगून ठेवलंय. त्याला लिहिता-वाचता येतं. तुम्ही काज-बटणाला बसा. तुम्हाला कुणी घालवत नाहीये."

मावशींनी रजिस्टर उघडलं, कोऱ्या पानावरून हात फिरवला, बंद केलं. त्या दिवशी घरी जाताना माझ्याबरोबर चालल्या, आणि कोपऱ्यापाशी आल्यावर म्हणाल्या, "काज-बटण वाईट नाही हो. पण ज्या दारातून आत आले, त्याच दारातून बाहेर पडायचं, तर मधली चाळीस वर्षं मी काय केलं? येरझारा?"

मी त्यांचा हात धरला. "मावशी, मी लिहून देते ना. तुम्ही सांगा, मी लिहिते. लिहिणं हे तर माझंच काम."

"बरं होईल," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी बसू. शुक्रवारी मला आधी वर मास्तरांकडे जायचं असतं. मी खाली आले की बसू."

खाली आले की. हे शब्द मी नीट ऐकले होते. तरी मला वाटलं, त्या खाली येईपर्यंत अर्धं काम उरकून ठेवावं. त्या येतील, रजिस्टर भरलेलं पाहतील, आणि एकदा तरी मावशींच्या तोंडून माझ्या लिहिण्याबद्दल चांगला शब्द निघेल. देवासमोर खोटं बोलता येत नाही म्हणून सांगते, हा मोह होता.

दुपारी मशीनवरचे दोघे जेवायला गेले होते. लेक कापड आणायला बाहेर गेली होती. मी खिडकीपाशी बसले, फूटपट्टी घेतली, आणि पहिल्या रांगेतल्या दोऱ्या एकदम उतरवल्या. टेबलावर एकेक सरळ केली, गाठी मोजल्या, रजिस्टरात लिहिलं. क्रमांक एक: खांदा इतका, छाती इतकी, कंबर इतकी. क्रमांक दोन. अक्षर सुरेख येत होतं. मोजलेली दोरी मी बाजूला टाकत होते. मग दुसरी रांग. मग तिसरी, चौथी. दोन तास कसे गेले कळलं नाही. शेवटी एकशे बारा लिहून झाल्यावर मी मान वर केली. फळी रिकामी. टेबलाच्या कडेला दोऱ्यांचा एक ढीग, धुतलेल्या पण न घडी केलेल्या कपड्यांसारखा.

तेव्हा लक्षात आलं. माझ्या रजिस्टरात एकशे बारा मापं होती आणि माणूस एकही नव्हता.

रांगा मला माहीत होत्या, पण कुठली दोरी कुठल्या रांगेतली, ते आता देव जाणे. मी एक दोरी उचलली, पुन्हा मोजली, रजिस्टरात शोधली. तशी कंबर सात जणांची निघाली. जिन्यावर मावशींची पावलं वाजली.

त्या आत आल्या. आधी फळीकडे पाहिलं, मग ढिगाकडे, मग माझ्याकडे. मी आयुष्यात पुष्कळांची बोलणी खाल्ली आहेत, पण त्या क्षणी कुणी मला बोलावं म्हणून मी देवाची प्रार्थना केली. मावशी ढिगापाशी आल्या, वरची दोरी दोन बोटांनी उचलली आणि हळूच म्हणाल्या, "वहीबाई, सगळी गल्लीच उठवलीत की हो."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढ्यात लेक कापडाचा गठ्ठा घेऊन दारात. तिला समजायला वेळ लागला नाही. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. गठ्ठा खाली ठेवून म्हणाली, "मी हेच म्हणत होते, मावशी. एका दुपारीत सगळं गेलं. आता हा ढीग कुणाला वाचता येणार?"

मावशींनी खिडकीबाहेर पाहिलं. "उजेड आहे अजून," त्या म्हणाल्या, आणि स्टूल ओढून फळीकडे तोंड करून बसल्या. "वहीबाई, रडून दोऱ्या ओल्या करू नका, गाठी आवळतात. एकेक माझ्या हातात द्या. उजेड मला नको, तुम्हाला हवाय. ढिगात गुंता करू नका म्हणजे झालं."

त्यांनी डोळे मिटले.

मी पहिली दोरी दिली. मावशींनी ती फासापासून खालपर्यंत अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून सोडली. चिमटी एका गाठीपाशी थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"पोस्टमन. डावा खांदा उतरलेला, पिशवीचा." डोळे मिटलेलेच, पण हात उठला आणि दुसऱ्या रांगेतल्या नवव्या खिळ्यावर फास बरोबर बसला. "ह्याचे गुडघे सांभाळ रे बाबा, चढ ह्याच्याच वाट्याला आहे."

दुसरी दिली.

"बेकरीवाला. दर वर्षी सांगतो, खाणं कमी केलंय. दर वर्षी गाठ पुढे. ह्याला खरं बोलायची बुद्धी दे, निदान शिंप्याशी."

तिसरी.

"शाळेतल्या बाई. आवाज मोठा, छाती एवढीशी. हिच्या घशाला बरं ठेव."

मी दोरी देत होते. दहाव्या-बाराव्या दोरीपाशी मला समजलं, मी काय ऐकतेय ते. सकाळचं ते बोट फिरवणं. ते हलणारे ओठ. त्या धूळ झटकत नव्हत्या. त्या मोजत नव्हत्या. इतकी वर्षं रोज सकाळी, कात्री हातात घेण्याआधी, त्या एकशे बारा माणसांना एकेक करून देवासमोर उभं करत होत्या. आणि मी त्यांना अक्षरं गिरवायला दिली होती.

"पुढची द्या, वहीबाई. झोपलात का?"

दिली.

कंबरेची गाठ किती वेळा सोडून बांधली ते बोटाला कळतं, असं त्यांनी मधेच सांगितलं. तिथली दोरी मऊ पडते, सुटलेल्या गाठीची वळी राहते. जिने दोन बाळंतपणं काढली तिची दोरी आणि जो दोन आजारांतून उठला त्याची दोरी, मापं एकसारखी असली तरी वळ्या निराळ्या. वाढत्या वयाच्या मुलीची दोरी तर जिन्यासारखी होती, सुटलेल्या गाठींच्या खुणांनी भरलेली. "हिला थोडी थांबव," मावशी म्हणाल्या, "हिच्या आईला कापड पुरत नाही."

एका जागी त्या अडल्या. दोन दोऱ्या, दोन्ही हातांत. चढावरच्या जुळ्या बहिणी. लेकही आता जवळ येऊन उभी राहिली होती. मावशींनी दोन्ही दोऱ्या कानाजवळ नेल्या, जणू त्या काही सांगणार होत्या, आणि मग हसल्या. "ही थोरली. माप देताना श्वास रोखून धरते, म्हणून ती गेल्यावर कंबरेची गाठ मी बोटभर सैल करते. धाकटी बिचारी जशी आहे तशी उभी राहते. थोरलीला श्वास सोडायला शिकव रे बाबा, आणि धाकटीला कधीतरी धरायला."

लेकीच्या तोंडून हसू निसटलं. तिने ते पटकन गिळलं.

माझी दोरीही आली. मला ओळखू आली नाही, मावशींना आली. "ही वहीबाई. कंबर दोन बोटं पुढे गेलीय, तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. हिची वही भरू दे. आणि एखाद्या दिवशी काही न लिहिताही हिला झोप लागू दे."

मी पुढची दोरी दिली.

ऊन खिडकीतून सरकत टेबलाच्या पायापाशी गेलं. फळी भरत आली. आता कुणी बोलत नव्हतं. नुसता मावशींचा आवाज, फास खिळ्यावर बसल्याचा बारीक आवाज, आणि पुन्हा त्यांचा आवाज. प्रार्थनाघरातही मी इतक्या शांततेत कधी बसलेली नाही.

शेवटची दोरी. मावशींनी ती हातात घेतली आणि चिमटीतून सोडलीच नाही. नुसती मुठीत धरली आणि उठून खालच्या रांगेतल्या शेवटच्या, रिकाम्या राहिलेल्या खिळ्यावर अडकवली.

लेक म्हणाली, "ही कुणाची? हिचं नाव नाही घेतलंत."

"राहू दे गं."

"मावशी, कुणाची?"

मावशींनी डोळे उघडले. "तुझ्या बाबांची."

लेकीने हात पुढे केला आणि दोरी खिळ्यावरून काढली. मावशींसारखी चिमटीत धरून खाली आणली. तिची बोटं अडखळत होती, नवं अक्षर वाचणाऱ्यासारखी. खांद्याची गाठ. तिच्यापुढे एक वळी. तिच्यापुढे दुसरी. तिसरी. चौथी. छातीच्या गाठीपुढेही तसंच. सुटलेल्या गाठी, आणि प्रत्येक नवी गाठ फासाच्या बोटभर जवळ आलेली.

"दर शुक्रवारी वर जाते ना मी," मावशी म्हणाल्या. "जुना शर्ट इस्त्रीला म्हणून खाली आणते आणि त्याच कापडाचा, त्याच रंगाचा, पण आता आहे तेवढ्या अंगाचा करून वर देते. शर्ट ढगळ व्हायला लागला की माणसाला कळतं आपण किती उरलोय ते. मास्तर शिंपी आहेत. त्यांना तर लगेच कळेल."

लेकीचं बोट पुन्हा त्या वळ्यांवरून फिरलं. मग म्हणाली, "मी रोज त्यांना शर्ट घालते. नीट बसतो. म्हणून मला वाटत होतं, बाबा आहेत तसेच आहेत."

मावशींनी तिच्या हातातून दोरी घेतली नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच. थोड्या वेळाने लेकीनेच दोरी परत खिळ्यावर अडकवली. आधी चुकून शेजारच्या खिळ्यावर अडकवत होती. मावशींनी तिचं मनगट धरून बरोबर खिळ्यावर आणलं.

"लिहायचं तर आहेच, मावशी," लेक नाक पुसत म्हणाली. "तुम्हाला ताप पुन्हा येणार."

"लिही की. मी कुठे नाही म्हटलं? मी बोट ठेवते, नाव सांगते, तू लिही. पण फळी उतरायची नाही. आणि शाई नको, पेन्सिल घे. माणसं बदलतात."

"आणि कात्री तुमच्याकडेच."

"ती कुणी मागितली होती?" मावशी म्हणाल्या, पण कात्री उचलून जवळ ओढली, तेव्हा त्यांचा अंगठा मुठीतल्या खळग्यात बसायच्या आधी एकदा चुकला. मी पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.

शनिवारी दिवसभर दोघी लिहीत बसल्या. मी पेन्सिलींना टोकं करून देत होते. त्यापलीकडे मला कशालाही हात लावायची परवानगी नव्हती. सोमवारी तो लिहिता-वाचता येणारा माणूस ठरल्याप्रमाणे आला. मावशींनी त्याला चहा दिला, नाव-गाव विचारलं आणि काज-बटणाला बसवलं. "सगळे तिथूनच सुरू करतात," त्या म्हणाल्या. तो अजून तिथेच आहे आणि काजं सुबक करतो.

माझी ती बिननावाची पानं लेकीने रजिस्टरातून काढून टाकली होती. मावशींनी ती जपून ठेवली, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचे कॉलर बेतायचे कागदी नमुने केले. मला दाखवून म्हणाल्या, "बघा, तुमचं लिखाण किती जणांच्या गळ्याशी जाणार आहे."

आता मी सकाळची प्रार्थना घरी करते, पुस्तक बंद ठेवून. पहिले काही दिवस तिसऱ्या ओळीपाशी अडायची; आता पुढे जाते. मग दूध आणायच्या निमित्ताने दुकानापाशी थांबते. मावशी फळीसमोर असतात. त्यांचं बोट चढावरून उतरत, आमच्या गल्लीत येतं, पोस्टमनला मागे टाकतं. ते माझ्या खिळ्यापाशी आलं की आपोआप माझे हात जुळतात आणि मान खाली जाते.

काल त्यांनी मागे वळून न पाहताच म्हटलं, "ताठ उभ्या राहा, वहीबाई. मान खाली घातली की खांदा चुकतो."